सून हॉलंडला निघाली म्हणं!

सकाळी साडेसातला मी जास्वंदीला पाणी घालत होते. मेंदीच्या कुंपणापलीकडून काकींचा आवाज आला, "बाई, निघायचं कधी ठरलं?"

"कुठं निघायचं?"

"घ्या! आमास्नी सांगणार बी न्हाई व्हय? सूनबाई हॉलंडला चाललीया म्हणं. गल्लीभर झालंय."

मी झारी खाली ठेवली. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळं तोंडातून नको तेच आधी निघालं. "हॉलंड नव्हे काकी, नेदरलँड्स. हॉलंड हा त्यातला एक भाग. त्यांच्या सरकारनं २०२० पासून जाहिरातीतसुद्धा हॉलंड म्हणायचं सोडलंय."

"म्हंजे जातीया ते खरं!"

आता काय बोलायचं? नाव बदलायची हौस आपल्यालाच आहे असं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. २०२५ च्या जुलैत सरकारनं आपल्या गावाचं नाव ईश्वरपूर करायचं जाहीर केलं, तरी पेठनाक्यावरचा वडापवाला "इस्लामपूर, इस्लामपूर" असंच ओरडत असतो. पण काकींना त्याचं काय. त्यांना तिकिटाची तारीख हवी होती.

मी चौकशी उलटी सुरू केली. काकींना दूधवाल्यानं सांगितलं. दूधवाल्याला पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणीत ही बातमी समोरच्या वहिनींनी दळायला नेली होती. आणि वहिनींना सांगितलं कुणी? तर काकींच्याच नातवानं. म्हणजे बातमी काकींच्या उंबऱ्यातून निघाली, गल्लीला प्रदक्षिणा घालून अंगावर मांस चढवून परत त्यांच्याच दारात आली.

"त्यानं डोळ्यांनी बघितलंय," काकी म्हणाल्या. "तुमच्या काँप्युटरवर नकाशा, नकाशात हॉलंड पेटल्यालं, आनि खाली लिवलंय, कनेक्टेड. आता ह्येचा अर्थ काय घ्यायचा मानसानं?"

बघितलंय हे खरं होतं. पेटवलंही त्यानंच होतं, ते मात्र तो घरी बोलला नव्हता.

झालं होतं असं. सून पुण्यातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. तिचा ऑफिसचा लॅपटॉप बंद पडला आणि दुरुस्तीला गेला. तोवर घरच्या काँप्युटरवरून काम करायला कंपनीनं परवानगी दिली, पण अट घातली की व्हीपीएन जोडायचं. आमचा काँप्युटर म्हणजे ह्यांनी रिटायर झाल्यावर घेतलेला. त्यावर आजवर पत्ते आणि पंचांग सोडून काही झालेलं नाही. कंपनीनं एक कागद पाठवला, त्यात सर्व्हरचं नाव, प्रकार, युजरनेम असं सगळं लिहिलेलं. सून पोरीला क्लासवरून आणायला गेली होती, तेवढ्यात काकींचा नातू आला. इंजिनिअरिंगला आहे, हाताला चळ आहे. म्हणाला, "आजी, व्हीपीएन व्हय? दोन मिनिटांचं काम. फुकट मिळतंय." आणि त्यानं नेटवरून कसलंतरी अॅप उतरवलं, एक गोल बटण दाबलं, आणि आम्ही खुर्चीतून न उठता नेदरलँड्सला पोचलो.

सून आली, पडद्याकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. पोराला ओरडली नाही, पण ते अॅप तिनं आधी काढून टाकलं. मग पाणी प्यायली, मग बोलली. "अरे, कागदावर जे मागितलंय ते हे नव्हे. नाव एक आहे, धंदे दोन आहेत."

ह्या वाक्यावर काकींनी कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवली. धंदे दोन म्हटल्यावर बाई कान देणारच.

मला सुनेनं जसं सांगितलं तसंच मी काकींना सांगितलं. तुमच्याकडून माझ्याकडं भाजीची वाटी येते. उघडी आणली तर गल्ली बघते, कुणाकडं वांगं आणि कुणाकडं घेवडा. वर झाकण घातलं तर वाटी गेली एवढंच दिसतं, आत काय ते तुम्हाला आणि मला. ऑफिसचं व्हीपीएन म्हणजे अशी झाकलेली वाटी, आमच्या स्वयंपाकघरातून थेट पुण्याच्या ऑफिसच्या स्वयंपाकघरात जाणारी. मधले नेटवाले, केबलवाले, चौकातले फुकट वायफायवाले, कुणाला झाकण उघडता येत नाही. आणि ऑफिसचं दार असं, की ह्या वाटेनं आलात तरच उघडतं. बाहेरून कितीही ठोठावा.

"आनि हॉलंडची वाटी?"

"ती झाकलेलीच. पण ती तुम्ही माझ्याकडं न देता कुठल्यातरी अनोळखी बाईकडं देता, ती झाकण काढते, आणि मग ती माझ्याकडं पोचवते. मला वाटतं भाजी तिनंच केली."

काकींनी विचार केला. "म्हंजे तिनं चाखली तर?"

हा प्रश्न आमच्या घरातल्या तीन पदवीधरांपैकी एकालाही त्या रात्री सुचला नव्हता. सुनेनं नंतर सांगितलं, २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट सेवेचं असंच उघडं पडलं. लोकांना वाटलं आपण फुकटात लपलो, आणि त्याच लोकांच्या घरचं नेट दुसऱ्या नावाखाली विकलं जात होतं. म्हणजे आपल्या दारातून परका माणूस ये-जा करतोय आणि आपण आत चहा पितोय.

पण मी भलतीकडंच चालले. रात्रीचं सांगायचं राहिलं. काकींचं खरं दुखणं तेच होतं, "रात्री दोनपर्यंत दिवा कशाला जळत हुता?"

तर अॅप काढलं, आणि सून कागद घेऊन बसली. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये व्हीपीएन म्हणून जागा असते, वेगळं काही उतरवावं लागत नाही. तिथं नवीन जोडणी म्हटलं की चौकटी येतात. जोडणीला नाव द्या. ते काहीही चालतं, तिनं 'ऑफिस' दिलं. सर्व्हरचं नाव किंवा पत्ता. इथं एक टिंब चुकलं तरी गेलं. मग प्रकार निवडायचा, आणि त्या यादीत पाच-सहा अगम्य नावं. त्यातलंच एक पीपीटीपी. हा ह्यातला म्हातारा. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या गुरदीपसिंग पाल ह्यांच्या हातून तो निघाला असं म्हणतात, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा खणायला माणूस आपल्याकडचाच. पण आता त्याच्या भिंती पोकळ झाल्यात, कुणीही खणून आत शिरतं, म्हणून तो निवडायचा नाही. तरी यादीत ठेवलाय. आपल्याकडंही पडका वाडा पाडत नाहीतच. आमच्या कागदावर एसएसटीपी होतं. ते नेहमीच्या वेबसाइटच्याच दारातून जातं, त्यामुळं त्याला सहसा कुणी अडवत नाही.

सगळं भरलं, आता 'कनेक्ट' दाबायचं, आणि लाइट गेली.

"व्हय, नऊला गेलती," काकी म्हणाल्या. "आमचं पीठ मळायचं ऱ्हायलं."

लाइट आली. काँप्युटर सुरू केला. बटण दाबलं. इंग्रजीत उत्तर आलं: सर्टिफिकेट मुदतीत नाही. सून म्हणाली, पासवर्ड चुकला असेल. परत. पुन्हा तेच. राउटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. तेच. ऑफिसच्या मदत करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो जेवत होता बिचारा. त्यानं सांगितलेलं सगळं केलं, आणि प्रत्येक वेळी सर्टिफिकेट मुदतीत नाही. साडेदहाला हे जपमाळ घेऊन मागं उभे होते. त्यांनी सहज पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाले, "आज २०१३ साल आहे का गं?"

काँप्युटरच्या पोटात घड्याळासाठी बटणाएवढा एक सेल असतो, २०३२ नंबरचा. तो कधीचाच मेलेला. त्यामुळं वीज गेली की यंत्र आपली वर्षं विसरून जुन्या तारखेला जाऊन बसतं. संध्याकाळी नातवानं आल्याआल्या तारीख हातानं नीट केली होती, पण कुणाला बोलला नव्हता. लाइट गेली, तारीख परत मागं गेली. आता सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतोय ह्या वर्षीचं, आणि आमचा काँप्युटर २०१३ मध्ये बसून म्हणतोय, बाबा, हे ओळखपत्र अजून जन्मालाच आलं नाही, तुला आत कसा घेऊ? त्याचंही बरोबरच होतं. तारीख बदलली आणि एका झटक्यात जोडलं. सेल दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून आणला. दिवाळीच्या लवंगीमाळेपेक्षा स्वस्त.

"मग झोपायचं की," काकी म्हणाल्या. "दोन कशाला वाजले?"

कारण जोडलं, पण ऑफिसातलं काही उघडेना! 'कनेक्टेड' लिहिलंय, आणि आतली फाइल मागितली की गप्प. हे दुखणं पहिल्यापेक्षा अवघड, कारण ह्यात चूक कुठंच दिसत नाही. शेवटी त्या जेवण राहिलेल्या पोरानंच ओळखलं. घरात राउटर आला की तो घरातल्या यंत्रांना आपापले नंबर देतो. बरेच राउटर कारखान्यातून येतानाच एक ठरलेली पट्टी घेऊन येतात, १९२.१६८.१ आणि पुढं यंत्रागणिक आकडा. आमच्या घरात तीच पट्टी. आणि ऑफिसातही, कुणीतरी आळशीपणानं, तीच पट्टी. सून मागते ऑफिसच्या कपाटातली फाइल, काँप्युटर बघतो नंबर, म्हणतो हा तर आपल्या घरातलाच, आणि आमच्याच दिवाणखान्यात शोधत बसतो.

काकी हसायला लागल्या. त्यांना ह्याला काही उदाहरण द्यावं लागलं नाही. वाळवा तालुक्यात "पाटलांकडं दे" म्हणून पाकीट दिल्यावर नवीन पोस्टमनचं काय होतं ते त्यांच्या घरानं भोगलंय. त्यांच्या मुलीच्या लग्नाची एक अख्खी पत्रिकांची गठडी दुसऱ्याच पाटलांकडं जाऊन पडली होती. ते सगळे लग्नाला आले, जेवून गेले. खऱ्यांचा रुसवा अजून आहे.

तर आमच्या राउटरचा नंबर बदलला. एकच्या जागी पन्नास केलं. मग मोबाइल, टीव्ही, गॅलरीतला कॅमेरा, सगळ्यांना परत ओळख करून द्यावी लागली. ते सरता सरता दोन वाजले. ह्यात हॉलंड कुठं आलं?

"तसं न्हवं बाई," काकी आवाज बारीक करून म्हणाल्या. "लोकं म्हंत्यात, पोरगा पुण्यात आनि सून हितं. कायतरी असंल. म्हनून हॉलंड पटलं."

हे मला ठाऊक होतं. पाच वर्षं ऐकतेय. २०२० च्या मार्चमध्ये दोघं दोन बॅगा घेऊन आठवड्यासाठी म्हणून आले. २३ मार्चला आपल्या गावात एकदम चार जण पॉझिटिव्ह निघाले, आठवड्यात आकडा पंचविसाच्या घरात गेला, आणि इस्लामपूर देशभरच्या बातम्यांत आलं. रस्ते पत्रे लावून बंद. तेव्हा काकींनी ह्याच कुंपणावरून काठीला पिशवी बांधून आम्हाला कोथिंबीर दिली होती. पुढं गाव सावरलं, 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून कौतुकही झालं. पण त्या पंधरवड्यात आमच्या माजघरातल्या पाटावर लॅपटॉप ठेवून सून पुण्याचं ऑफिस चालवत होती, आणि मला वाटायचं ही पोरगी दिवसभर करते काय.

त्यावेळी तिनं सांगितलेलं एक मात्र लक्षात राहिलंय. कॉल सेंटरसारख्या कामांना घरून बसायचा परवाना सहज नव्हताच. दूरसंचार खात्याच्या जुन्या नियमात कंपनीनं अनामत ठेवायची, करार करायचा, आणि व्हीपीएनही परवानाधारकाकडूनच घ्यायचं. १३ मार्च २०२० ला खात्यानं ते सैल केलं, तेही फक्त ३० एप्रिलपर्यंत. सगळ्यांना वाटलं दीड महिन्यात संपेल. मग मुदत वाढत गेली, आणि नोव्हेंबरात नियमच नवे आले. सरकारी सवलत एकदा सुरू झाली की तिला परतीची एसटी सापडत नाही. ह्या वेळी ते बरं झालं. मुलगा पुण्याला परत गेला. सून पोरीच्या शाळेपायी राहिली, महिन्यातून दोनदा ऑफिसला जाऊन येते. शनिवारी तो येतो. पटत नसतं तर दर शनिवारी पेठनाक्यावर दीड तास वाट कोण बघेल? हे मी काकींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती मान मी ओळखते. "असं तुमी म्हंतासा" अशी ती मान होती.

एवढ्यात गोठ्याकडून आबा आले. हातात वैरणीचा विळा. बायको अर्धा तास कुंपणाला चिकटलेली दिसली की ते असे सहज येतात. विचारलं, कशाची एवढी मसलत? मी व्हीपीएन म्हणाले. वाटीची गोष्ट परत सुरू करणार, तोच त्यांनी हात वर केला.

"पाइपलाइन हाय म्हना की."

मी गप्पच झाले. नदीपासून त्यांचं रान दोन मैल. पूर्वी पाटानं पाणी यायचं, तेव्हा वरच्या प्रत्येकाला दिसायचं कुणाची पाळी, आणि रात्री कुणीतरी बारं फोडायचंच. मग पाइप पुरली. तिघांच्या रानाखालून येते, वर त्यांचा ऊस डुलतोय, पण थेंबाला कुणाला हात लावता येत नाही. पाणी निघतं जॅकवेलमधून आणि पडतं थेट आबांच्या चेंबरमध्ये. बोगदा म्हणतात तो हाच.

"पन मी काय म्हंतो," आबा म्हणाले, "पाइप सोताची आसंल तर बरी. संस्थेची आसंल तर मोटर किती तास चालली ते चेरमनला कळतंयच. मग तुमचं हॉलंडचं पाइप कुनाचं?"

विळा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसानं विचारलेला ह्याच्याइतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. कारण ह्याच प्रश्नावर सरकार आणि ह्या कंपन्या भांडल्यात. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी नंबर असं सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं. म्हणजे चेअरमननं मोटरचं वहीखातं ठेवायचं. ऑफिसांच्या स्वतःच्या व्हीपीएनना त्यातून वगळलंय, असं नंतर खुलाशात आलं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा बड्या कंपन्या म्हणाल्या, वही न ठेवणं हाच आमचा धंदा; आणि त्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. सप्टेंबर २०२२ पासून आदेश लागू झाला. आता काहीजण पत्ता भारतातला देतात, यंत्र सिंगापुरात असतं. मतदार यादीत नाव इस्लामपूरला आणि माणूस हडपसरला, तशातली गत.

"म्हंजे ते वापरनं गुन्हा हाय?" काकींचा आवाज एकदम खाली. त्यांना नातू आठवला असणार. २०२० मध्ये जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि सप्टेंबरात पबजी, तेव्हा हा पोरगा आठवडाभर जेवला नव्हता, आणि मग एकदम जेवायला लागला. का जेवायला लागला ते आत्ता त्यांच्या डोक्यात उजेड पाडत होतं.

मी सांगितलं, व्हीपीएन जोडणं हा देशात सरसकट गुन्हा नाही, बँका आणि कंपन्या त्यावरच चालतात. पण त्याच्या आडून गुन्हा केला तर तो गुन्हाच. बुरखा घालून चोरी केली म्हणून ती खरेदी होत नाही. आबा म्हणाले, "पोराला संध्याकाळी बगतो." आणि वैरणीकडं गेले.

मग मी काकींना माझीही एक फजिती सांगून टाकली, म्हणजे नातवावरचं लक्ष जरा उडेल. परवा सून जेवायला उठली आणि जोडणी तशीच चालू. मी सहज काँप्युटरवर बसले आणि गुडघेदुखीवर घरगुती उपाय शोधायला लागले. चार-पाच पानं उघडली. एकात एरंडेल, एकात मेथी, एकात कुठलातरी पट्टा, तो मी मागवणारच होते. तेवढ्यात सून आली आणि तिनं कपाळाला हात लावला. ऑफिसचं व्हीपीएन चालू असलं आणि तशी खूण केलेली असली की काँप्युटरचं सगळंच पाणी त्या पाइपनं जातं, ऑफिसचं असो की गुडघ्याचं. आत मी काय लिहिलं ते त्यांना कळेलच असं नाही, पण कुठल्या कुठल्या साइटवर गेले ते नोंदलं जातं. म्हणजे पुण्यात, सातव्या मजल्यावर, कुणा पोराच्या यादीत आमच्या सुनेच्या नावासमोर एरंडेल तेल लागलंय. सुनेनं नंतर ती खूण काढली, आता फक्त ऑफिसचं ऑफिसात जातं. तेही तिनं आधी विचारून केलं, कारण काही ठिकाणी ते चालत नाही.

"म्हंजे तुमचं गुडघं पुन्याला कळलं!" काकींना हसू आवरेना. "हितं आमास्नी बोलला न्हाईसा कवा."

मी चूक केली होती ते मला त्याच क्षणी कळलं.

उन्हं कुंपणावर आली. आतून कुकरची शिट्टी झाली तशा काकी "थांबा जरा" म्हणून पळाल्या आणि पदराआड काहीतरी घेऊन आल्या. स्टीलची वाटी, वर ताटली, ताटलीवर फडकं. मेंदीच्या फटीतून मांजर येतं तिथून त्यांनी ती माझ्या हातात सरकवली. "झाकून आनलीया. व्हीपीएन करून."

मी फडकं जरासुद्धा न हलवता वाटी पोटाशी धरून घराकडं वळले. रस्त्यापलीकडच्या गॅलरीत समोरच्या वहिनी केस वाळवत उभ्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "अख्खा मसूर केलाय व्हय काकींनी? फोडणीचा वास हिकडं आलाय! आनि ओ बाई, गुडघ्याला तेवढं एरंडेल लावा. आनि हॉलंडला थंडी लई असतीया म्हणं, सूनबाईला स्वेटर द्या."